तीनदा मोजलेला ठिपका

सूर्यभान खर्डे याच्या हातचं माप चुकत नाही, ही गोष्ट नगरच्या डॉक्टरमंडळींत इतकी पक्की झाली होती, की ती खरी आहे का हे तपासून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. सूर्यभानच्या मनात मात्र ते अधूनमधून यायचं आणि तो ते बाजूला सारायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याची हकिकत सांगण्यात काही राम नव्हता. वाईट माणसं मजेत जगतात.

तो मूळचा कोल्हारचा. मॅट्रिकला दोनदा आपटला, शेतीत मन रमेना, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं नगरला कॅम्पातल्या दवाखान्यात हरकाम्या म्हणून चिकटला. तिथं अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म धुता धुता त्याला त्या कामाची गोडी लागली. ओली फिल्म उजेडाकडे धरून बरगड्या मोजत बसायचा. पुढे डॉक्टर शामकांत वैकरांनी शहरात स्वतःचा दवाखाना थाटला आणि एक्स-रेचं यंत्र आणलं, तेव्हा त्यांनी सूर्यभानला मागून घेतलं. माळीवाड्यात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, बायको चांगुणा कोल्हारहून आली, आणि संसार नगरकर झाला.

वैकर डॉक्टर अभ्यासू होते. डोक्याच्या दुखण्यांचा त्यांना नाद होता, आणि आकड्यांवर त्यांचा फार जीव. एक्स-रेत मेंदू दिसत नाही, नुसती कवटी दिसते, हे सूर्यभानला ठाऊकच होतं. पण मेंदूच्या ऐन मधोमध एक बारकी ग्रंथी असते, वय वाढलं की काही लोकांच्या त्या ग्रंथीत चुना साठतो आणि फोटोत तिचा पांढुरका ठिपका उमटतो, हे त्याला डॉक्टरांनी शिकवलं. तो ठिपका कवटीच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर हवा. एका अंगाला गाठ वाढू लागली तर ती मेंदूला दुसरीकडे रेटते आणि ठिपकाही सरकतो. तीन मिलिमीटरच्या आत असला तर चिंता नाही. तीनच्या वर गेला तर पुण्याला पाठवायचं. आख्ख्या मेंदूतलं जे काही दिसायचं ते एवढंच, बाजरीच्या दाण्याएवढं, आणि त्याच्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरायचं.

डॉक्टरांचा एक दंडक होता. प्रत्येक रोग्याच्या डोक्याचे दोन फोटो काढायचे, मध्ये निदान एक दिवस सोडून, आणि दोन्ही वेगवेगळे मोजायचे. एकदा आलेला आकडा म्हणजे अंदाज, दुसऱ्यांदा तोच आला तर ते माप, असं ते म्हणत. दंडक सोन्यासारखा होता. पहिलं वर्ष सूर्यभाननं तो इमानानं पाळला आणि त्याच्या अब्रूचं खोबरं झालं. आज दोन आले तर परवा चार यायचे. डोकं टेबलावर जरासं कललं, त्याला टेकू दिलेल्या वाळूच्या पिशव्या इकडच्या तिकडे झाल्या, की ठिपका सरकलेला दिसायचा. एकदा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, या बाईंचा मेंदू सोमवारी डावीकडे असतो आणि बुधवारी उजवीकडे जातो काय? कंपाउंडरपासून झाडूवालीपर्यंत सगळे हसले. सूर्यभानच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्याचे वडील, आप्पासाहेब, कोल्हारात बांध मोजण्यात तरबेज समजले जात. दोन भावांत हद्दीवरून जुंपली की पंच त्यांना साखळी घेऊन बोलावत. पंचांसमोर दोनदा मोजायची रीत होती. आप्पासाहेब दुसऱ्यांदा मोजताना पहिल्या मापाच्या खुणेवर नेमका पाय ठेवून साखळी ओढत. सूर्यभाननं लहानपणी विचारलं होतं, की खूण धरूनच मोजायचं तर पुन्हा मोजायचं कशाला? त्यावर बाप म्हणाला होता, दुसरं माप वीतभर जरी वेगळं आलं तर कुऱ्हाडी निघतील. पहिलं माप जमिनीसाठी, दुसरं माणसांसाठी. कोल्हारात ते शहाणपण होतं. त्याच्यामुळे दोन-चार डोकी शाबूत राहिली असतील.

तेच शहाणपण सूर्यभाननं दवाखान्यात आणलं. दुसरी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायच्या आधी तो पहिली शेजारी लावू लागला. पहिलीवर निळ्या पेन्सिलीची खूण असायचीच. ठिपका काही टाचणीचं टोक नव्हे. त्याची डावी कड धरली तर दोन येतात, मध्य धरला तर साडेतीन. कवटीची आतली कडही तशीच धूसर. कुठली कड धरायची ते आपल्या हातात. तो पहिल्याला जुळेल ती धरायचा. खोटं लिहिलं असं त्याला वाटलं नाही. उलट आता आपली नजर बसली, हात स्थिर झाला, असंच वाटलं. डॉक्टरांनाही तेच वाटलं. ज्याला जे हवं असतं ते त्याला दाखवणारा माणूस मिळाला की दोघांचाही वेळ सुखाचा जातो.

एकाहत्तर साली डॉक्टरांनी दोनशे रोग्यांची मापं एकत्र करून पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत एक निबंध वाचला. पुन्हा पुन्हा मोजूनही फरक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे या मापावर डोळे झाकून भरवसा ठेवावा, असं त्याचं सार होतं. सभेनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पेढे घेऊन आले. त्याच वेळी चांगुणा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. डॉक्टर तिला म्हणाले, की वहिनी, तुमच्या यजमानांसारखा हात पुण्यातही नाही.

झालं. चांगुणाला आयुष्यभर पुरेल एवढं ते बोलणं होतं. बाई मोठी हजरजबाबी, नवऱ्याची टिंगल करण्यात पटाईत, पण त्या दिवसापासून घरात खिळा जरी ठोकायचा तरी ती म्हणायची, थांबा, मापवाल्यांना येऊ द्या. शेजारणींना सांगायची, आमच्या घरी मानसाचं डोकं दोनदा मोजत्यात आन् दोनदा तेच येतं. सूर्यभान संकोचायचा. तिला वाटायचं, लाजतोय.

बहात्तरच्या आषाढात तिचं डोकं दुखू लागलं. पहाटे उठली की कळ यायची, एखादी उलटी झाली की उतरायची. ते वर्षच कोरडं होतं, पाण्यासाठी रांगेत उभं राहून ऊन लागलं असेल, असं दोघंही धरून चालले. मग तिच्या भाकरी एका बाजूनं जाड राहू लागल्या. आयुष्यभर जिच्या भाकरीला कंपास लावून बघावा, तिचा डावा हात थापताना मागं राहत होता. सूर्यभान ती जाड कड मुकाट्यानं चावून खायचा. चार दिवसांनी तिच्या हातातून परात निसटली, तेव्हा त्यानं तिला दवाखान्यात नेलं.

पहिला फोटो त्यानं जीव ओतून काढला. ठिपका उमटला. मोजला. दोन मिलिमीटर. तीनच्या आत. त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. वाढतंय का ते बघू. तीन आठवड्यांनी सूर्यभाननं दुसरा फोटो काढला, आणि हाताच्या सवयीनं पहिला शेजारी लावला. ठिपका जरा लांब गेल्यासारखा वाटला. मग त्यानं नेहमीसारखी जुळणारी कड शोधली आणि ती सापडली. दोन. महिन्यानं तिसरा फोटो. दोन. डॉक्टरांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेले पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. गाठ असती तर दोन महिन्यांत आकडा गप्प बसला नसता. अर्धशिशी आहे, नसा अशक्त झाल्यात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

चांगुणा सगळ्यांना सांगू लागली, तीन येळा मोजलं आन् तिन्ही येळा दोन. आणि तिचा डावा पाय फरफटत होता.

दिवाळी झाल्यावर एके दुपारी, दवाखाना एक ते चार बंद असताना, सूर्यभान डार्करूममध्ये बसून राहिला. सकाळी चांगुणानं फक्त उजव्या पायात चप्पल घातली होती, डावा पाय अनवाणी राहिला होता आणि तिला ते कळलं नव्हतं. त्यानं कपाटातून तिच्या तिन्ही फिल्म काढल्या. स्पिरिटच्या बोळ्यानं निळ्या खुणा पुसल्या. कोपऱ्यातल्या तारखांवर कागद चिकटवला. पत्ते पिसावेत तशा फिल्म खालीवर केल्या, आणि सात वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. एकेक फिल्म एकटी लावली, शेजारी काही न ठेवता मोजली, आकडा लिहून कागद उलटा ठेवला. मग पुन्हा पिसल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिसऱ्यांदाही. असं तीन दिवस केलं.

कागद सुलटे केले तेव्हा त्याच्यापुढे सत्तावीस आकडे होते. एकीचे आज पाच, काल एक, परवा साडेतीन. दुसरीचे सहा, दोन, चार. कुठली फिल्म आषाढातली आणि कुठली शेवटची हे आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यानं जुन्या रोग्यांच्या दहा फिल्म काढून तसंच केलं. तोच गोंधळ. सूर्यभान स्टुलावर बसला. ठिपका सरकला होता असंही ते माप सांगत नव्हतं, सरकला नव्हता असंही सांगत नव्हतं. ते काहीच सांगत नव्हतं. तीन महिने त्यानं बायकोला काहीच नसलेल्या आकड्यावर घरी बसवून ठेवलं होतं.

चार वाजता डॉक्टर आले. सूर्यभाननं त्यांना सगळं सांगितलं, बापाच्या साखळीसकट. डॉक्टरांनी फूटपट्टी घेतली आणि एक फिल्म स्वतः मोजली. चार आले. चहा पिऊन, चष्मा पुसून पुन्हा तीच मोजली. दीड. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"किती दिवस असं करताय?"

"दुसऱ्या वर्षापासनं."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोनशे रोगी, पुण्याची सभा, टाळ्या, हे सगळं त्यांच्या तोंडावरून जाताना सूर्यभानला दिसलं. पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. तिथं मानेच्या शिरेत औषध सोडून मेंदूतल्या शिरांचे फोटो काढतात, त्यात गाठ कळते. उद्याच न्या, म्हणाले.

आणि चांगुणा जाईना.

पुण्यात डोक्याचे केस भादरतात आणि कवटीला भोकं पाडतात हे तिनं ऐकलं होतं. पण नुसत्या भीतीनं ती अडून बसली नव्हती. तिला खरोखरच जायचं कारण दिसत नव्हतं. माप दोन आहे, तिनाच्या आत आहे, मग पुण्याला कशाला? सूर्यभाननं आडून सांगितलं, वळसे घेऊन सांगितलं. शेवटी तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"चांगुणे, माप खोटं आहे. मी पहिला आकडा बघून दुसरा लिहितो. सगळ्यांचेच तसे लिहिले. तुझेही."

ती हसली. तोंडाची डावी बाजू आता तिच्या हसण्यात येत नव्हती.

"मला न्यायचं म्हनून किती खोटं बोलताल," ती म्हणाली. "सोताच्या हातावर आळ घेताय व्हय? तुमी आन् खोटं माप?"

त्यानं शपथ घेतली. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं ते सत्तावीस आकड्यांचे कागद आणून दाखवले. तिला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं म्हटलं असतं की हे तुमी आत्ता लिवलं. माणसानं सात वर्षं खोटं बोलून मिळवलेला विश्वास एका खऱ्या वाक्यानं मोडत नाही, हे सूर्यभानला त्या दिवशी कळलं आणि त्याला रडू कोसळलं. तिनं त्याच्या पाठीवर उजवा हात फिरवला. इतकी काळजी करू नका, म्हणाली.

त्यानं डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर संध्याकाळी माळीवाड्यात आले, खाटेजवळ खुर्चीवर बसले, खबरदारी म्हणून एकदा जाऊन यावं असं म्हणाले. चांगुणानं पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "डागदरसायेब, ह्यांचं माप चुकतं का?"

आता एका शब्दाचं काम होतं. सूर्यभान दारात उभा राहून त्या शब्दाची वाट बघत होता. डॉक्टरांनी घसा खाकरला. "सूर्यभानचं माप चांगलंच आहे," ते म्हणाले, "पण तरीसुद्धा..."

त्या पणच्या पुढचं चांगुणानं काही ऐकलं नाही. तिनं विजयी नजरेनं नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर चहा न घेता गेले. सूर्यभानला त्यांचा राग आला, आणि पुढच्याच क्षणी तो विझला, कारण ते काय करत होते ते त्याला आतून ठाऊक होतं. त्यांनी पहिल्या आकड्याला दुसरा जुळवला होता.

असे तीन आठवडे गेले. मधे राहात्याहून तिचा धाकटा भाऊ सहादेव करंडीभर पेरू घेऊन येऊन गेला; सूर्यभान दवाखान्यात असताना बहीणभाऊ दुपारभर बोलत बसले होते. सूर्यभाननं त्यालाही गळ घातली, पण आक्काच नको म्हणते म्हटल्यावर त्याचं काय चालणार? मार्गशीर्षात एका सकाळी तिला झटका आला, मग दुसरा, आणि ती शुद्धीवर आली नाही. आता नको म्हणायला ती नव्हती. टॅक्सीनं पुण्याला नेली. तिथल्या फोटोत उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ स्पष्ट दिसली. त्यांनी डोकं उघडलं आणि थोडं काढून पुन्हा मिटलं.

सूर्यभाननं तिथल्या डॉक्टरला विचारलं, तीन महिने आधी आणली असती तर? तो तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, तीन महिने आधी केवढी होती ते आता कोण सांगणार? ठिपक्याचा फोटो दाखवला तर त्यानं हातही लावला नाही. शिक्षेची तयारी करून गेलेल्या माणसाला शिक्षासुद्धा नीट मिळाली नाही.

अकरा दिवसांनी, एक शब्द न बोलता, चांगुणा गेली.

सूर्यभान पुन्हा कामावर रुजू झाला, कारण दुसरं काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढे डोक्याचा एकच फोटो काढत जा, फिल्म महाग झाली आहे. त्यांचा निबंध दरम्यान छापून आला होता. कुठल्या कुठल्या गावचे डॉक्टर त्याच्या प्रती मागवत. सूर्यभान एकच फोटो काढायचा, एकदाच मोजायचा, आणि येईल तो आकडा लिहायचा. लोक म्हणत, बायको गेल्यापासून खचला बिचारा, पण माप अजून तसंच चोख.

तो सांगायचा प्रयत्न करायचा. कंपाउंडरला सांगितलं, घरमालकाला सांगितलं. ऐकणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, दुःखात माणूस स्वतःलाच बोल लावतो. शेवटी त्यानं ठरवलं, की ज्याची बहीण गेली त्याच्यासमोर बोलायचं. त्यानं शिव्या द्याव्यात, मारावं, काहीही करावं.

चांगुणाचं वर्षश्राद्ध कोल्हारला केलं. जेवणं उरकून पाहुणे पांगले, तेव्हा सूर्यभान सहादेवला घेऊन प्रवरेच्या काठी गेला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेजारी लावलेली फिल्म, निळी खूण, जुळवलेली कड. काही गाळलं नाही. सहादेव खाली मान घालून ऐकत होता. सांगून झाल्यावर सूर्यभान म्हणाला, "तुझी आक्का माझ्या मापानं मेली."

सहादेवनं मान वर केली.

"दाजी, आक्कानं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मी पेरू घिऊन आल्तो तवा. म्हनली, माझं काय बरंवाईट झालं तर दाजी म्हनतील, माप खोटं हुतं, मी फसवलं. लई हळवा मानूस हाय, म्हनली. सोताला खाऊन घील."



"आन् म्हनली, त्येंच्याशी वाद घालू नगंस. व्हय म्हन, म्हंजी त्येंच्या जिवाला बरं वाटंल." सहादेवनं डोळे पुसले आणि सूर्यभानचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात तो म्हणाला, "तर व्हय, दाजी. चुकलं तुमचं."